ओवशाची काळी सुपं

लोक मला विचारतात, चित्रं काढून मन शांत होतं का. नाही होत. उलट चित्र पुरं झालं की मी आधीपेक्षा जास्त चिडलेली असते, कारण तोवर हातांना काहीतरी काम होतं आणि आता तेही संपलेलं असतं. हे खरं उत्तर दिलं की विचारणारी बाई हसते, मी गंमत केली असं समजते. मग मी तिच्या ब्लाउजच्या बाह्यांचं माप घ्यायला लागते.

रेवदंड्यात एका कोळी बाईंच्या घराची मागची खोली आणि पडवी मी भाड्याने घेतली आहे. खोलीत शिलाई मशीन, पडवीत चित्रं. मशीनवर पोट चालतं. चित्रांवर काहीच चालत नाही, आणि ती कशाची आहेत हे मला सांगता येत नाही. मला माणूस काढता येत नाही, झाड काढता येत नाही. शाळेत माझ्या मोराला सगळे कोंबडी म्हणायचे. मी काढते ते नुसते थर असतात. कागदाचा लगदा, त्यावर काव, चुना, कपड्यांना घालायची नीळ, ब्लाउजच्या चिंध्या, गंजलेले हुक, फाटलेल्या जाळ्याच्या गाठी, कधी मूठभर वाळू. एक थर वाळला की दुसरा. नको असलेला थर मी चमच्याने खरवडून काढते, आणि बहुतेक वेळा तो खरवडलेला भागच मला आवडतो.

नागावला बंगला घेऊन शनिवार-रविवारी राहायला येणारी एक बाई फॉल लावून घ्यायला आली होती. तिला पडवीतलं एक चित्र विकत हवं होतं, फक्त त्यातला तांबडा जरा कमी करून, तिच्या सोफ्याला जाईल असा. वर म्हणाली, यातून तुम्ही किती हील झाला असाल ना. मी म्हटलं, यात माझ्या घटस्फोटाचे कागद वाटून घातले आहेत. ती म्हणाली, वाव, किती सुंदर. साडी मी तिला वेळेवर दिली. चित्र दिलं नाही.

कागद खरंच वाटून घातले होते. त्याचं असं झालं की इथे राहायला आले तेव्हा घरमालकिणीने मला एक जुनं, भोकं पडलेलं सूप दिलं. आमच्या म्हसळ्याकडच्या गावात अशी सुपं कुणी टाकत नाही. मेथीचे दाणे भिजवायचे, वाटायचे, भिजवलेल्या कागदाच्या लगद्यात कालवायचे आणि त्याने सूप आतून-बाहेरून सारवायचं. वाळलं की दगडासारखं घट्ट होतं, तांदळाचा दाणा गळत नाही. माझी आई दर उन्हाळ्यात हे करायची. मी मेथी भिजत घातली आणि कागद शोधू लागले, तर घरात कागद एकच प्रकारचा होता. वकिलाने दिलेली ती जाडजूड फाइल.

सगळी फाइल मी फाडून बादलीत घातली. कोर्टाचा कागद लवकर विरघळत नाही, फार हट्टी असतो. दोन दिवस भिजवून मग मिक्सरमधून काढला, त्यात मिक्सर जळाला. लगदा पांढरा होईल असं वाटलं होतं, तो झेरॉक्सच्या शाईने राखाडी झाला. त्यात कुठे कुठे अर्धी अक्षरं दिसत होती. मी तो सुपावर थापला, म्हणजे खरं तर मारला. वाळल्यावर त्यावर माझ्या बोटांचे, मुठींचे ठसे राहिले. ते सूप मी धान्यासाठी वापरलंच नाही. पडवीत टांगलं आणि दुसऱ्या दिवशी त्यावर काव फासली. माझं पहिलं चित्र ते.

घरमालकीण बघून म्हणाली, “काय गो, सूप सारवलंस की कोनाला धोपटलंस?”

दोन्ही, असं मी सांगितलं. ती मेथीच्या वासावरून कुरकुरली, कारण तिच्या अंगणात बोंबील वाळत होते आणि तिच्या मते माझा वास तिच्या वासात मिसळत होता. पण जाळ्याचे तुकडे त्यानंतर तीच आणून टाकू लागली.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले ती सांगते. माझी एकुलती एक मुलगी. तिचं लग्न गेल्या माघात झालं. त्याआधी तीन-चार वर्षं मी आणि तिचे वडील वेगळे राहत होतो. इतकी वर्षं मी त्याला ‘अहो’ म्हटलं, आता लिहिताना ‘तो’ म्हणते आणि तेवढं एक बरं वाटतं. त्याच्या आयुष्यात दुसरी कुणी नव्हती, दारू नव्हती, हात उगारणं नव्हतं. त्याने एका रविवारी जेवता जेवता सांगितलं की त्याला आता माझ्याबरोबर राहायचं नाही, आणि मग आमटी वाढून घेतली. कारण विचारलं तर म्हणाला, कारण काही नाही. मला कारण मिळालं असतं तर मी त्याच्याशी भांडले असते, जिंकले असते किंवा हरले असते. कारण काही नाही, याच्याशी माणूस भांडणार कसा? आजही ते वाक्य आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मुलीच्या लग्नात मात्र मला बोलावून त्याच्या शेजारी बसवलं. कन्यादानाला जोडपं लागतं. भटजींनी सांगितलं, हाताला हात लावा, आणि मी त्याच्या कोपराला बोट टेकवून बसले. फोटोत आम्ही दोघं हसतो आहोत. घटस्फोटाची शेवटची तारीख त्याने वकिलाला सांगून लग्नानंतरची घेतली होती, म्हणजे मांडवात आम्ही कायद्याने नवरा-बायको होतो. केवढी ती काळजी. माझा हात त्या दिवशी सगळ्यांना चालला.

मुलीचं सासर म्हसळ्याजवळच्या एका खेड्यातलं. भातशेती गावाला, नोकऱ्या मुंबईला, आणि गौरी-गणपतीला सगळं गाव भरलेलं. आमच्याकडे लग्नानंतरच्या पहिल्या गौरीला नव्या सुनेचा ओवसा असतो. ओवशाची सुपं माहेरहून येतात. सुपात हळदीची पानं, काकडी, दोडका, फळं, नारळ, फुलं असं सगळं भरायचं, त्यावर दुसरं सूप झाकायचं, दोरा गुंडाळायचा. नवी सून ती सुपं घेऊन गौरीला ओवाळते आणि मग सासूला, जावांना, घरातल्या मोठ्या बायकांना वाण देते. सगळ्या बायका त्या वेळी एकच गोष्ट बघत असतात, माहेरहून काय आलं. माझ्या ओवशाला माझी आई सुपं डोक्यावर घेऊन पायवाटेने आली होती. तिने ती मला दारात दिली, आत आली नाही, पाणीसुद्धा प्यायली नाही, घरी म्हैस व्यायला झाली होती. ते तसंच असतं. आईने द्यायचं.

म्हणून मी जुलैतच तयारीला लागले. बुरूडाकडे जाऊन पाच जोड सांगितले, कोवळ्या बांबूचे, हलके, आतून गुळगुळीत. ते आल्यावर मी त्यांना माझ्या चित्रांपासून लांब, खोलीत मशीनच्या वर टांगलं, ओल लागू नये म्हणून रोज फडक्याने पुसत होते. प्रत्येक सुपाच्या काठाला शिवायला मी हिरव्या-पिवळ्या कापडाची पट्टी कापून ठेवली. त्या महिन्यात मी एकही चित्र केलं नाही. करावंसं वाटलं नाही.

मग मुलीचा फोन आला. आधी पाऊस, मग तिची नोकरी, मग माझा गुडघा. तेवढ्यातच मला कळलं की काहीतरी आहे, कारण माझा गुडघा तिने कधी विचारलेला नाही. शेवटी म्हणाली की सुपांची धावपळ मी करू नये. तिकडच्या चुलत सासूचं म्हणणं आहे की सोडलेल्या बाईच्या हातची सुपं ओवशाला नकोत. आत्या पाठवणार आहे, बाबांशी बोलणं झालंय. आत्या म्हणजे माझी नणंद. माझी होती ती नणंद.

मी विचारलं, आणि तू काय म्हणालीस?

“आई, दोन दिवसांचा प्रश्न आहे. कशाला वाढवायचं?”

मी फोन ठेवला. भांडले नाही, याचा मला अजून राग येतो. दोन दिवसांचा प्रश्न. बाळंतपण माझं, दुखणी-खुपणी माझी, दहावीच्या वर्षी पहाटे उठून चहा करणं माझं, आणि जिथे चार बायकांसमोर नाव घ्यायची वेळ आली तिथे आत्या. ती चुलत सासू मी लग्नात एकदा पाहिली होती. जाड भिंगाचा चष्मा, हातात पर्स घट्ट धरलेली. त्या दिवसापासून मी तिला इतक्या शिव्या घातल्या की घरमालकिणीलाही ती बाई ओळखीची झाली. मशीन चालवताना घातल्या, भाकरी थापताना घातल्या. सोडलेली बाई म्हणे. सोडलेली म्हणजे काय, दावं सोडलेली गाय?

घरमालकीण म्हणाली, “जा ना मग. सुपं घे नि हुबी ऱ्हा दारात. कोन काय करनार हाय?”

मी गेले नाही. मला बोलावणं नव्हतं, आणि न बोलावता जायचं नाही एवढा माज माझ्यात अजून होता. मी दुसरंच केलं. घरमालकिणीच्या मुलाने नारळी पौर्णिमेआधी होडीच्या बुडाला डांबर लावलं होतं, त्यातलं उरलेलं डब्यात होतं. ते मी मागून घेतलं, चुलीवर पातळ केलं आणि मशीनवरची ती पाच जोड नवी सुपं खाली काढली.

पहिल्या सुपावर मी डांबर चमच्याने थोडं थोडं ओतलं, ते खरं. दुसऱ्यापासून नाही. कोवळा बांबू आधी पिवळा असतो, मग तपकिरी होतो, मग एकदम काळा. विणीच्या खाचांत डांबर साचत जातं. त्यावर मी कापून ठेवलेली पट्टी चिकटवली, मग ओढून काढली, तिचे धागे तसेच राहिले. एका सुपात बांगड्या फोडून टाकल्या. एकात चुन्याचा हात मारला, तो चुना डांबरात बुडाला आणि फुटाणे फुटल्यासारखे पांढरे डाग उठले. एकात काहीच केलं नाही, नुसतं काळं. मी हे सगळं दिवसाढवळ्या अंगणात केलं. येणारे-जाणारे बघत होते. शुभ कामाच्या कोऱ्या सुपाला डांबर फासणारी बाई आमच्याकडे कुणी पाहिलेली नाही, त्यांनी ती फुकट पाहिली.

ती माझी सगळ्यात चांगली चित्रं आहेत. मला कौतुक करून घ्यायचं नाही, पण आहेत. आणि ती केल्यावर मला जराही बरं वाटलं नाही.

गौरी आल्या, जेवल्या, गेल्या. ओवशाच्या दिवशी मी तीन ब्लाउज शिवले आणि त्यातल्या एकाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. मुलीने फोटो पाठवले. हिरवा शालू, नाकात नथ, हातात सूप. सूप चांगलं होतं. मी ते फोटो मोठे करकरून वीण बघितली, बाजारातली होती, घाईची.

विसर्जनानंतर मुंबईला परत जाताना ती वाट वाकडी करून माझ्याकडे आली. जावई अलिबागला कुणा मित्राकडे थांबला होता. तिच्या हातात एक सूप, रुमालाने झाकलेलं. आत नारळ, खण, पाच फळं. तिने ते माझ्यापुढे धरलं आणि म्हणाली की ओवशातलं एक सूप तिने मुद्दाम माझ्यासाठी मागे ठेवलं. वाण म्हणून.

“हे तू मला द्यायचं नसतं,” मी म्हटलं. “हे मी तुला द्यायचं असतं.”

मी हात पुढे केला नाही. तिने सूप मशीनवर ठेवलं, वाकून नमस्कार केला, आणि तोंड चुकवायला म्हणून पडवीत गेली. तिथे ती पाच जोड टांगलेली होती. पावसाळी हवेत डांबर धड वाळलं नव्हतं. ती एकेका सुपासमोरून फिरली. मग म्हणाली, ही कसली? मी सांगितलं, तुझ्या ओवशाची. तिला ते खरं वाटलं नसावं, कारण तिने त्यातल्या एकाला हात लावला, जिथे पट्टीचा हिरवा धागा दिसत होता तिथे. मेंदीच्या हाताला डांबर लागलं. ते झटकायला गेली तर दुसऱ्या हाताला, मग चुड्याला.

पाण्याने निघत नाही ते. मी तिला पायरीवर बसवलं, वाटीत खोबरेल घेतलं आणि तिची बोटं चोळू लागले. लहानपणी फणसाचा चीक लागला की असंच चोळायचे. मी जोरात चोळत होते, मुद्दाम जोरात. आणि चोळता चोळता चुलत सासूचा उद्धार करत होते. कुठल्या तोंडाने म्हणाली, लग्नात माझ्या हातची ओटी घेताना बरी चालली, वगैरे. मी थांबायला तयार नव्हते.

“आई, तिने काही नाही म्हटलं.”

मी म्हटलं, कुणी?

“कुणीच नाही म्हटलं. मीच सांगितलं तिकडे, आईला जमणार नाही, आत्या करेल.” ती माझ्याकडे बघत नव्हती, आपल्या हाताकडे बघत होती. “सगळ्या जावांचे आईवडील जोडीने येतात. तू एकटी आली असतीस तर प्रत्येक जण मला विचारत बसला असता. मला ते नको होतं. सासूबाई तर दोनदा म्हणाल्या, आईकडचं एक तरी सूप येऊ दे. त्यांनी गौरीपुढे जागा ठेवली होती.”

तिचा हात माझ्या हातातच होता. तेलाने सगळं निसरडं झालं होतं, तरी मी सोडला नाही आणि चोळलाही नाही.

त्याच्यावरचा राग मी बादलीत भिजवला, मिक्सरमधून काढला, सुपावर थापला. एका निरपराध चष्मेवाल्या बाईवरचा राग चुलीवर उकळून पाच जोड सुपांवर ओतला. आता हा जो राग होता तो कुठे ओतायचा? समोर बसली होती ती माझीच होती. नाक माझं, केस माझे, आणि जोडपं नसलेल्या बाईची लाज वाटायची शिकवणही बहुतेक माझ्याच घरात मिळालेली. तरीही मला तिचा राग आला. तिच्या बापाचा आला नव्हता इतका आला. त्याने मला नको म्हटलं, पण तोंडावर म्हटलं. हिने मला नको म्हणायला दुसऱ्या बाईचं तोंड लावलं.

मी तिला मारावं असं मला एक क्षण वाटलं, हे लिहून ठेवते. मारलं नाही. जवळही घेतलं नाही. ती रडायला लागली तेव्हा मी पदर पुढे केला नाही, कारण पदर केला असता तर सगळं तिथेच मिटलं असतं आणि मला ते मिटवायचं नव्हतं. माझ्या आयुष्यात फार गोष्टी अशा मिटवून झाल्या आहेत.

घरमालकीण अंगणातून सुकवणीच्या काठ्या उचलत होती. तिने आमच्याकडे एकदा पाहिलं आणि काठ्या घेऊन पुढच्या दारी गेली. एरवी ती जात नाही.

मी मुलीचे हात फडक्याने पुसले. नखांच्या कडेला काळं राहिलंच. तिचा फोन तिच्या पर्समध्ये होता, तो मीच काढला आणि तिच्या मांडीवर ठेवला.

“सासूला लाव.”

“आत्ता? आई, जेवत असतील त्या. मी घरी गेल्यावर नीट सांगेन.”

“आत्ता. माझ्यासमोर.”

तिने हो म्हणून मान हलवली. ती लहानपणापासून हेच करते. औषध घेतलंस का, मान हलते. अभ्यास झाला का, मान हलते. आणि औषध खिडकीतून बाहेर गेलेलं असतं. मी तिथेच उभी राहिले, पायरीच्या वर, तिला उठून जायला वाट राहणार नाही अशी.

तिने नंबर लावला. पलीकडे भांड्यांचा आवाज होता, मग त्या बाईंचा, मोठा, गावाकडचा, पोचलीस का गं म्हणून विचारणारा. मुलगी म्हणाली, “आई,” आणि थांबली. त्यांनाही ती आईच म्हणते, ते मला त्या दिवशी कळलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मान हलवली, नकाराची.

“तोंडाने बोल,” मी म्हटलं.

“आई, माझ्या आईने सुपं घेऊन ठेवली होती,” ती म्हणाली. “मीच तिला आणू दिली नाहीत.”